परक्या मुलखातले पहिले दिवस

महाळुंग्यातल्या आमच्या इमारतीत एक वजनकाटा आहे. बॅगेला आकडा लावून उचलायचा, छोटासा. तो आमच्या मालकीचा, पण घरात क्वचितच असतो. आज तिसऱ्या मजल्यावर, उद्या अकराव्या. हिंजवडी इथून जवळ. संगणक कंपन्यांतली मुले कधी वर्षासाठी, कधी कायमची बाहेर निघतात आणि निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: तेवीस किलो झाले का? मग कुकर काढायचा की लाल मसाल्याची पिशवी, यावर सासू-सुनेत चर्चा होते.

मुळशी तालुक्यातले हे गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. आम्ही इथे आलो तेव्हा शेते होती. आता टॉवर आहेत आणि जवळजवळ प्रत्येक मजल्यावरचे कोणी ना कोणी परदेशात आहे. कोणी जर्मनीत, कोणी नेदरलँडमध्ये, आणि आमच्यासारख्या कोकणातून आलेल्या घरांचे दुबई, कतर, कुवेतला. बॅगेचे वजन सगळे करतात. पण तिथे उतरल्यावर पहिल्या सहा महिन्यांत मनाचे काय होते, याबद्दल घरात कोणी बोलत नाही. आम्हीही बोललो नव्हतो. त्याची किंमत आमच्या धाकट्या नणंदेने मोजली, म्हणून हा लेख.

‘भाबी, मला परत बोलवून घ्या’

नणंदेचे पती संगणक अभियंता. कंपनीने त्यांना जर्मनीत फ्रँकफर्टजवळ पाठवले. मागोमाग नणंद आणि चार वर्षांची भाची गेली. पहिला महिना फोटोंचा होता. नदी, पूल, स्वच्छ रस्ते, वेळेवर येणारी ट्राम. घरच्या ग्रुपवर माशाअल्लाहचा पाऊस पडत होता. दुसऱ्या महिन्यात फोटो कमी झाले. चौथ्या महिन्यात, नोव्हेंबरातल्या एका रात्री, फोन आला. ती रडत नव्हती. एवढेच म्हणाली, “भाबी, मला परत बोलवून घ्या.”

आम्ही काय उत्तर दिले ते आजही आठवते. “अगं, तुला तिथे कमी काय आहे? लोक तरसतात अशा संधीला. शुक्र कर.”

ती “बरं” म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नंतरचे वीस दिवस सलाम-दुआपलीकडे ती काही बोलली नाही. आम्हाला वाटले, रुळली. मग एके रात्री नणंदेच्या पतींचा आम्हाला वेगळा फोन आला. ती दिवसभर पडदे ओढून बसते, जेवत नाही, मुलीवर एकाएकी ओरडते आणि नंतर तिला जवळ घेऊन रडते. पोरगी बालवाडीत एक शब्दही बोलत नाही. “भाबी, ती म्हणते की घरी सांगून उपयोग नाही. घरच्यांना वाटतं मी नाशुक्री आहे.”

शाळेत वीस-बावीस वर्षे मुले सांभाळणाऱ्या आम्हाला घरातल्या मुलीचा आवाज ऐकू आला नव्हता. त्या दिवसानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. तिचे ऐकायला लागलो, आणि या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो.

याला नाव आहे

या अवस्थेला ‘कल्चर शॉक’ म्हणतात. आपण त्याला संस्कृतीचा धक्का म्हणू. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञांनी १९५४ मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात महिलांच्या एका क्लबसमोर भाषण करताना त्याचे वर्णन केले. १९६० मध्ये ते लेखरूपाने छापून आले आणि हा शब्द जगभर गेला. समोर बसलेल्या स्त्रियांपैकी बऱ्याच जणी पतीच्या नोकरीमुळे परक्या देशात आलेल्या होत्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ओबर्ग यांचे म्हणणे साधे होते. आपल्या मुलखात आपण शेकडो खुणांवर चालतो. हात कधी मिळवायचा, कोणाला काय म्हणून हाक मारायची, दुकानात कसे मागायचे, समोरचा गप्प आहे तो रागावला म्हणून की सवय म्हणून. या खुणा आपल्याला शिकवलेल्या आठवत नाहीत, इतक्या त्या अंगात मुरलेल्या असतात. परक्या देशात त्या एकदम नाहीशा होतात. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी माणसाची गत होते. मग अन्नपाण्याची फाजील काळजी, पुन्हा पुन्हा हात धुणे, क्षुल्लक गोष्टीवरून संताप, जीव कासावीस करणारी घराची ओढ, अशी लक्षणे त्यांनी सांगितली.

१९५५ मध्ये स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेला जाऊन आलेल्या दोनशे नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास केला. सहा महिन्यांपेक्षा कमी किंवा अठरा महिन्यांपेक्षा अधिक राहिलेले लोक बरे होते, मधल्या काळातले अधिक अस्वस्थ होते, असे त्यांना दिसले. म्हणजे आधी नवलाई, मग उतार, मग हळूहळू चढ. पुढच्या संशोधनात मात्र कित्येकांच्या वाट्याला नवलाई आलीच नाही, पहिला महिनाच सर्वांत अवघड गेला, असेही आढळले. तेव्हा ‘तुझी भाची तर दोन महिन्यांत रमली’ असे कोणाला सुनावू नये. प्रत्येकाचा उतार वेगळा असतो.

ही माहिती आम्ही नणंदेला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी वेडी झाले नाही ना?” नाव कळल्याने दुखणे जात नाही, पण भीती जाते.

मुहाजिरांनाही ताप आला होता

आपल्याकडे एक गैरसमज आहे की घराच्या आठवणीने रडणे म्हणजे सब्र कमी पडणे. इतिहास काही वेगळे सांगतो. मक्का सोडून मदिनेत आल्यावर हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने आजारी पडले. हजरत बिलाल (रजि.) मक्केच्या दऱ्या, तिथले गवत, तिथले पाण्याचे झरे आठवून ओळी म्हणत. हजरत आयेशा (रजि.) यांनी हे प्रेषितांना (स.) सांगितले. प्रेषितांनी (स.) त्यांना दटावले नाही. मक्केइतकीच मदिना आम्हाला प्रिय कर, अशी दुआ मागितली. ज्या मक्केत या लोकांचा छळ झाला, त्याच मक्केची ही ओढ होती. मग ज्यांच्या गावाने त्यांना फक्त मायाच दिली, त्यांनी गावासाठी रडू नये काय?

मदिनेत नुसती दुआ झाली नाही, व्यवस्थाही झाली. एकेका मुहाजिराला एकेका अन्सारचा भाऊ ठरवून दिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांच्या अन्सार भावाने निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ देऊन विचारले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखवा. मग सुके दही आणि तूप विकून त्यांनी सुरुवात केली. परक्या गावात पाय रोवायला काय लागते, ते यात आले. हक्काचा एक माणूस, आणि स्वतः बाहेर पडून बाजार शोधण्याची हिंमत.

प्रवासी इब्न बतूताचे उदाहरण मुलांना वर्गात सांगावे असे आहे. १३२५ मध्ये एकवीस वर्षांचा हा तरुण मोरोक्कोतल्या तंजा शहरातून हजला निघाला. ट्युनिसला काफिला पोचला तेव्हा शहरातले लोक एकेका प्रवाशाला सलाम करायला पुढे आले. याला ओळखणारे कोणी नव्हते, म्हणून याच्याशी कोणी बोलले नाही. त्याला रडू कोसळले. एका हाजीने ते पाहिले, पुढे होऊन सलाम केला आणि शहरात शिरेपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत राहिला. पुढे जवळपास तीस वर्षे जग पायाखाली घालणाऱ्या माणसाची ही सुरुवात. शहर तेच होते, एका सलामाने ते वेगळे दिसू लागले.

कोकणाला हे नवीन नाही

आमच्या रत्नागिरी-रायगडच्या गावांना परदेश नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोकणी मुसलमान आगबोटींवर खलाशी म्हणून, धंद्यासाठी, मजुरीसाठी बाहेर पडले. त्यातले कित्येक दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला स्थिरावले. तिथे आजही आपली कोकणी बोली कानावर पडते. त्या लोकांना भाषेचा, हवेचा आणि कायद्याचाही धक्का होता. एखादी युरोपीय भाषा लिहिता येण्याची अट होती. गावी यायचे तर ठरलेल्या मुदतीत परतण्याचा परवाना घ्यावा लागे. मुदत चुकली की दार बंद. बायका-मुले वर्षानुवर्षे गावीच राहत.

१९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि आखातात कामे निघाली. मग गावोगावचे तरुण तिकडे निघाले. टेलिफोन महाग, पत्राला उशीर. म्हणून घरचे लोक कॅसेटमध्ये आवाज भरून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवत. आमच्या माहेरी अशी एक कॅसेट होती. अब्बांच्या आवाजात साठ मिनिटांत अठ्ठावन्न मिनिटे चौकशी होती. गाय व्याली का, भिंत बांधली का, मुलीची फी भरली का. स्वतःबद्दल एकच वाक्य, “माझे बरे आहे.” एका खोलीत आठ माणसे, पाळीपाळीने स्वयंपाक, पन्नास अंशांजवळचा उन्हाळा, हे आम्हाला ते परतल्यावर, फार वर्षांनी कळले.

म्हणजे सांगायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुरुषांनी ती पाळली. आता मुली परदेशी जाऊ लागल्या, तर त्यांनाही आपण तीच शिकवतो.

आखाताचा धक्का, युरोपचा धक्का

आखातात अजान ऐकू येते, हलालची चिंता नाही, मराठी-उर्दूवर निभावते. तिथला धक्का वेगळा असतो. दर्जाचा असतो. इथे जो गावातला प्रतिष्ठिताचा मुलगा, तो तिथे एक नंबर होतो. शिवाय ज्या देशाबद्दल लहानपणापासून आदर, तिथल्या माणसाने कामावर खेकसून बोलावे, याचे दुःख दुप्पट होते. नमाजातही फरक दिसतो. कोणी हात सोडून उभा, कोणी छातीवर बांधून. नवा माणूस गोंधळतो. आपल्या गावची पद्धत म्हणजेच सगळा दीन, असे मनात बसलेले असते. मजहब वेगळे आहेत, किब्ला एकच आहे, हे कळायला थोडा काळ जातो.

युरोपातला धक्का शांततेचा आहे. नणंदेचे पहिले मत होते, “भाबी, इथले लोक घमेंडी आहेत. कोणी कोणाकडे बघत नाही.” तीन महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या आजींशी ओळख झाली तेव्हा उलटीच गोष्ट कळली. जर्मनीत जिन्यात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात बसायच्या जागी अनोळखी माणसालाही ‘हालो’ म्हणायची रीत आहे. आमची नणंद, आपल्या घरात शिकवल्याप्रमाणे, नजर खाली ठेवून बाजूने निघून जायची. आजींना वाटत होते, ही नवी बाई घमेंडी आहे! दोघींनी एकमेकींबद्दल एकच मत केले होते, आणि दोन्ही चुकीचे. पहिले मत आपण त्यांच्याबद्दल करतो, तसे तेही आपल्याबद्दल करत असतात, हे आपल्या लक्षात येत नाही.

अशी आणखी ठेच लागली. एका रविवारी दुपारी तिने मिक्सरवर वाटण लावले. दाराची बेल वाजली. रविवार हा तिथे शांततेचा दिवस, दुकानेही बहुतेक बंद. रात्री दहा ते सकाळी सहा हीसुद्धा शांततेची वेळ. दुसऱ्या वेळी बंद खिडक्यांत सुके बोंबील तळले. जिन्यात वास भरला आणि पत्रपेटीत चिठ्ठी आली. तिला वाटले, आपण मुसलमान म्हणून हे चालले आहे. चिठ्ठी नीट वाचून घेतली तेव्हा त्यात एवढेच होते की कृपया खिडक्या उघडा. थंडीतही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडून हवा खेळवायची, ही तिथली घरोघरची सवय आहे.

भेदभाव नसतोच असे आम्ही म्हणणार नाही. रुमाल पाहून भुवया उंचावणारे तिलाही भेटले, भाड्याचे घर शोधताना नावावरून फोन बंद झाल्याचा अनुभवही आला. पण प्रत्येक चिठ्ठी द्वेषाची नसते. नियमाची टोचणी आणि द्वेषाची टोचणी वेगळी ओळखता आली पाहिजे, नाहीतर माणूस सगळ्या जगाला शत्रू समजून पडदे ओढून बसतो.

हवामानाचीही बाजू आहे. फ्रँकफर्टला डिसेंबरात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. जोहर, असर, मगरिब एकामागून एक येतात. उलट जूनमध्ये मगरिब साडेनऊनंतर. इतक्या कमी उजेडात इथल्या लोकांचीही मने मलूल होतात. नोव्हेंबरात आलेला तिचा फोन आम्हाला आता वेगळा ऐकू येतो.

आणि भाषा. कुशल नोकरदारांसाठी असलेल्या ‘ब्ल्यू कार्ड’वर जाणाऱ्याच्या पत्नीला आधी जर्मन शिकून येण्याची अट नसते. ही सवलत वाटते, पण तीच फसवते. पतीचे ऑफिस इंग्रजीत चालते. दूधवाला, डॉक्टर, बालवाडी, नगरपालिकेचे पत्र मात्र जर्मनमध्ये. म्हणजे जिला घर चालवायचे, तीच मुकी. बीकॉम झालेली, इथे बँकेत चार वर्षे काम केलेली मुलगी औषधाच्या दुकानात खोकून दाखवून औषध मागते, तेव्हा तिच्या मनावर काय ओरखडा उठत असेल?

न बोलणारी भाची

शिक्षक म्हणून आमची खरी काळजी भाचीची होती. तिथल्या बालवाडीत मुलाला दारात सोडून निघता येत नाही. पहिले काही आठवडे आई किंवा वडिलांनी वर्गात कोपऱ्यात बसायचे, हळूहळू वेळ कमी करायची. नणंदेला हे विचित्र वाटले. त्यातून पावसात मुलांना मैदानावर सोडत, चिखलात खेळवत. गमबूट आणि प्लास्टिकची विजार आणा, अशी यादी आली. “हे लोक पोरांना आजारी पाडणार,” ही तिची तक्रार. भाची आजारी पडली नाही. ती फक्त बोलायची थांबली.

आमच्या वर्गातही असे होते. उर्दू माध्यमातून किंवा बिहार-उत्तर प्रदेशातून महाळुंग्याच्या बांधकामांवर आलेल्या कुटुंबांतली मुले मराठी वर्गात बसतात तेव्हा काही मुले महिनोन्‌महिने तोंड उघडत नाहीत. नवे शिक्षक त्यांना मंद समजतात. तसे नसते. दुसरी भाषा शिकणाऱ्या लहान मुलांत हा ‘मौनाचा काळ’ पुष्कळदा येतो. मूल ऐकत असते, साठवत असते. त्या काळात ‘बोल, बोल’ म्हणून मागे लागू नये, पाहुण्यांसमोर बोलून दाखवायला लावू नये, आणि घरातली भाषा बंद करू नये. नणंद काळजीपोटी घरात मोडके जर्मन बोलू लागली होती. म्हणजे मुलीला आईची भाषाही राहिली नाही. आम्ही सांगितले, घरात आपली बोली बोल, रात्री गोष्ट मराठीत सांग, जर्मन बालवाडीवर सोड. साडेपाच महिन्यांनी भाचीने पहिले वाक्य उच्चारले. वर्गातल्या एका मुलाला तिने जर्मनमध्ये सांगितले, “ते माझे आहे!” आमच्या घरात त्या दिवशी शिरखुर्मा झाला. ही मुदत सगळ्यांना लागू नाही. पण मूल घरातही गप्प झाले, किंवा मौन फारच लांबले, तर डॉक्टरांना दाखवावे.

दोन दारे उघडली

नणंद सावरली ती एकाएकी नाही, आणि एकट्या आमच्या फोनने तर नाहीच. तिने दोन दारे ठोठावली.

पहिले मशिदीचे. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला, तेव्हापासून तिथे तुर्की वस्ती आहे आणि बहुतेक शहरांत तुर्की मशिदी आहेत. जुम्याचा खुतबा तुर्की आणि जर्मनमध्ये, म्हणून ती आधी जात नव्हती. शेवटी गेली. आपण शाफई, रुकूला जाताना हात उचलतो. बाजूच्या हनफी बायका उचलत नाहीत. ती संकोचली. नमाज झाल्यावर एका वृद्ध बाईने तिच्या हाताकडे बोट करून विचारले, “शाफी?” ती बाई कुर्द होती. तुर्कस्तानातले बहुतेक कुर्द शाफई असतात. भाषा एकही समान नाही, पण दोघी हसल्या. मग चहा आला. हलाल दुकान कुठले, पाकिटावर ‘श्वाइन’ दिसले की डुक्कर समजायचे, मुलांच्या चिकट गोळ्यांत जिलेटिन असते ते कसे ओळखायचे, हे सगळे त्या बायकांनी शिकवले.

दुसरे दार मराठीचे. ट्राममध्ये ती भाचीला दटावत होती, “गप बस, पडशील.” मागून आवाज आला, “तुम्ही पुण्याच्या का?” त्या कोल्हापूरच्या ताई निघाल्या. त्या पाडव्याला बोलावतात, ही ईदला डबा पाठवते. परदेशातली मराठी मंडळेही आपली आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासून चालू आहे. आपल्या घरांना तिथे जायला संकोच वाटतो. तो सोडावा. आपली भाषा बोलणारा माणूस परक्या मुलखात भाऊच असतो.

यासोबत तिने भाषेचा वर्ग लावला. आठवड्यातून चार दिवस घराबाहेर पडायला कारण मिळाले, हा त्याचा मोठा फायदा.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

अनुभवातून जमलेल्या या गोष्टी लिहून ठेवाव्यात अशा आहेत.

भाषा निघण्याआधी सहा महिने सुरू करावी. दोघांनीही. पतीला गरज नाही म्हणून पत्नीलाही नाही, असे समजू नये.

पोचल्यावर पहिल्या आठवड्यात चार ठिकाणे पायी जाऊन पाहावीत: दवाखाना, किराणा, बाग, मशीद. जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. नोंदणीला दोघांनी मिळून जावे, म्हणजे पत्नीलाही कागद कळतात.

दिवसाला वेळापत्रक द्यावे. नमाजाच्या पाच वेळा हे तयार वेळापत्रकच आहे. थंडीत दुपारच्या उजेडात अर्धा तास बाहेर चालावे.

रोज एक छोटे काम स्वतः, परक्या भाषेत करावे. पाव विकत घेणे, तिकीट काढणे. चूक झाली तर होऊ द्यावी.

पहिल्या वर्षी मोठे निर्णय घेऊ नयेत. ‘कायमचे परत’ किंवा ‘कायमचे इथेच’, दोन्ही नको.

कामगार म्हणून आखातात जाणाऱ्यांनी कागद आधी पाहावेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला सौदी, अमिरात, कुवेत, कतर, ओमान, बहरीन यांसारख्या देशांसाठी सरकारी मंजुरी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ प्रणालीतून मिळते. एजंट नोंदणीकृत आहे का, हे तिथेच तपासता येते. अशा कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे. पासपोर्ट मालकाच्या हाती ठेवू नये. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घेण्यास मनाई आहे, हेही माहीत असावे. हक्क माहीत असले की धक्का कमी बसतो.

घरच्यांसाठी त्याहून अधिक

फोनवर “बरी आहेस ना?” असे विचारू नये. त्याचे उत्तर “हो” हेच असते. “आज काय जेवलीस? कोणाशी बोललीस? काय आवडले नाही?” असे विचारावे. तक्रार ऐकली की लगेच उपदेश करू नये. “शुक्र कर” हे वाक्य खरे असले तरी रडणाऱ्याच्या तोंडावर फेकले की ते दार बंद करण्यासारखे होते. आम्ही ते केले आहे, म्हणून सांगतो. तुलना नको, पैशांची आठवण नको, आणि घरच्या लग्नांचे फोटो पाठवून “तुझ्याशिवाय सुने वाटले” असे दर वेळी लिहिणेही नको.

झोप, भूक उडाली, मूल सांभाळवेना, जगणे नको वाटते असे शब्द आले, तर मात्र ते घराच्या आठवणीपुरते राहिले नाही असे समजून तिथल्या डॉक्टरांकडे जायला लावावे. मनाच्या डॉक्टरकडे जाणे हे ईमान कमजोर असल्याचे लक्षण नाही. इथे भारतात काळजीने पोखरलेल्या घरच्यांसाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा चोवीस तास असते.

परतल्यावरचा धक्का

गेल्या ईदला नणंद महिनाभर आली. विमानतळावरून महाळुंग्याला येईपर्यंत हॉर्नच्या आवाजाने तिने कान झाकले. रविवारी सकाळी वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झाले तेव्हा ती उठून बसली आणि म्हणाली, “आज रविवार आहे ना?” आम्ही हसलो, मग थांबलो. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या संशोधक दांपत्याने १९६३ मध्ये हेच मांडले होते की परत येणाऱ्यालाही पुन्हा तसाच उतार-चढ भोगावा लागतो. भाचीने जिन्यात प्रत्येकाला मोठ्याने ‘हालो’ केले. पाचव्या मजल्यावरचे काका, जे तीन वर्षांत आमच्याशी बोलले नव्हते, तिच्याशी बोलू लागले. आता आमच्याशीही बोलतात.

नणंदेला तो देश आवडू लागला आहे, असे आम्ही लिहिणार नाही. तिलाच विचारले तर ती म्हणते, “आवडतो की नाही ते माहीत नाही. पण आता जमतं.” परतायचे की राहायचे, ते दोघे अजून ठरवत आहेत. मुलीच्या शाळेचा प्रश्न आहे, इथे सासू-सासऱ्यांचे वय होत आहे. यातले कुठलेही उत्तर सोपे नाही. अल्लाह त्यांना सुचेल ते बरे सुचवो.

निघायच्या आदल्या रात्री वजनकाटा पुन्हा आमच्याच घरी होता. बॅग तेवीस किलो आठशे भरली. कुकर काढला, सुके बोंबील राहू दिले. “खिडकी उघडून तळीन,” ती म्हणाली. दारातून निघताना आम्ही तिला एवढेच सांगितले, “तिथे काही आवडलं नाही तर आधी मला सांग.” ती म्हणाली, “सांगीन भाबी. पण या वेळी ऐकून घ्या.”